हवेत उडवलेला डबा बेचकीनं टिपणं: अण्णा आजोबांकडून नेमकं काय उचलायचं?

तुळजापूर_वेस
बेचकीच्या जाणकारांना विचारायचं होतं. माझे चुलत आजोबा, अण्णा, हवेत फेकलेला पत्र्याचा डबा बेचकीनं टिपतात, दोरीला टांगून झुलवलेली बाटलीही टिपतात. शिकवायला तयार आहेत, पण सांगतात तीनच गोष्टी: "डब्याच्या बुडाकडं बघ", "थांबायच्या आधी सोड" आणि "हात नको, कंबर फिरव". पुढं काही विचारलं की पुन्हा एकदा मारून दाखवतात. स्थिर डबा ७ मीटरवरून मला बहुतेक वेळा लागतो. फेकलेल्या डब्याच्या मात्र दरवेळी वरून गोळी जायलीय आणि झुलत्या बाटलीच्या मागून. साहित्य असं: पेरूच्या लाकडाची बेचकी, सायकलच्या ट्यूबचं रबर, ८ मिमीचे बेअरिंगचे छरे. अण्णांच्या तीन वाक्यांचा अर्थ कसा लावायचा?

सीनाकाठ
अण्णांची तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि तुमच्या दोन्ही चुका त्यातच सापडतील. पण आधी रबर बदला, नाहीतर पुढचा सगळा हिशेब तुम्हाला लागू होणार नाही.

सायकलची ट्यूब ब्युटाइल रबराची असते. ती ताणली जाते, पण सोडल्यावर सावकाश आखडते, त्यामुळे ओढताना लावलेला बराच जोर रबरातच मुरतो. ८ मिमीच्या छऱ्याला त्यातून सेकंदाला ३०-३५ मीटरच्या पुढं वेग मिळणं अवघड. नैसर्गिक लॅटेक्सच्या चपट्या पट्टीनं तोच छरा सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जातो, आणि ओढायला जोरही जास्त लागत नाही. व्यायामासाठी मिळणारा लॅटेक्सचा पट्टा चालतो. जाडी ०.६ ते ०.७ मिमी घ्या.

पट्टी बेचक्याकडं (लाकडाच्या फाट्याकडं) २० मिमी आणि कातड्याकडं (गोळी ज्यात धरतो त्या तुकड्याकडं) १५ मिमी, अशी निमुळती कापा. लांबी तुमच्या ओढीवरून ठरते. बेचकी धरलेला हात सरळ करायचा, दुसऱ्या हाताची चिमूट ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि बेचक्यापासून चिमटीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला लावायचं. ते ८० सेंमी भरलं, तर बांधून झाल्यावर मोकळी उरलेली पट्टी १६ ते १७ सेंमी हवी, म्हणजे ती जवळपास पाचपट ताणली जाते. यापेक्षा लांब ठेवली तर वेग मिळत नाही, आखूड ठेवली तर चार दिवसांत तुटते. गाठीसाठी दोन्ही टोकांना दीड-दीड सेंमी जास्तीचं सोडा.

कात्री वापरू नका. काचेवर पट्टी ठेवून, धातूची पट्टी दाबून, नव्या ब्लेडनं एका दमात कापा. कडेला केसाएवढी जरी खाच राहिली तरी पट्टी तिथूनच फाटत जाते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच तुकड्यातून, शेजारी शेजारी काढा. एक बाजू ३-४ मिमी जरी आखूड झाली तरी गोळी त्या बाजूला खेचली जाते आणि कधीतरी थेट बेचक्यावर आदळते.

अण्णांची बेचकी मागून घेऊ नका. ती त्यांच्या हाताच्या लांबीची आहे.

गणिताची_ताई
वेग मोजायला यंत्र लागत नाही. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि बरोबर १० मीटरवरच्या डब्यावर मारा. रेकॉर्डिंगच्या आलेखात रबर सुटल्याचं एक टोक दिसतं, डबा वाजल्याचं दुसरं. दोन्हींमधला वेळ वाचा. त्यातून ०.०३ सेकंद वजा करा, कारण डब्याचा आवाज १० मीटर परत यायला तेवढा वेळ घेतो. आलेखात ०.२३ दिसलं तर खरा वेळ ०.२ सेकंद आणि सरासरी वेग ५० मीटर प्रति सेकंद. फोन मारणाऱ्याजवळच ठेवायचा, नाहीतर वजाबाकी चुकते.

आता "थांबायच्या आधी सोड". ७ मीटरवर ५० च्या वेगानं गोळीला ०.१४ सेकंद लागतात. पण त्याआधी तुमचा मेंदू आहे. "आता" असं वाटल्यापासून चिमूट उघडेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. म्हणजे डबा थांबलेला दिसल्यावर ठरवलं तर गोळी तिथं पोचेपर्यंत ०.३४ सेकंद झालेले असतात आणि तेवढ्यात डबा ५७ सेंमी खाली येतो. ट्यूबच्या रबरावर तर पाऊण मीटरपेक्षा जास्त. तुमची गोळी वरून जाते ती एवढ्यानंच. हाताचा नेम बरोबर आहे, सोडायचा क्षण उशिरा येतोय.

म्हणून चिमूट डबा थांबतो त्या क्षणी उघडायला हवी आणि ठरवायचं त्याच्या ०.२ सेकंद आधी. तेव्हा डबा माथ्याच्या २० सेंमी खाली असतो, जवळजवळ वीतभर. वर जाणारा डबा मंदावताना दिसतो, त्या मंदावण्यावर सोडायला शिका.

तुळजापूर_वेस
हे डोक्यात बसलं. पण मग "बुडाकडं बघ" कशासाठी? डबा खाली येणार म्हणून का?

गणिताची_ताई
हो, आणि त्यात एक बारकी गोष्ट आहे. ०.१४ सेकंदात गोळीही साधारण १० सेंमी खाली पडते आणि डबाही. स्थिर डब्यावर सराव करताना तुमच्या हातानं गोळीचं हे १० सेंमी पडणं आधीच धरलेलं असतं, म्हणून जिथं बघता तिथं ती लागते. फेकलेला डबा मात्र स्वतःही तेवढाच पडतो. त्यामुळे माथ्यावरच्या डब्याच्या मध्यावर नेम धरला तर गोळी मध्याच्या १० सेंमी वरून जाते. अर्धा किलोचा डबा समजा १२ सेंमी उंच. म्हणजे मध्यापासून वरची कड ६ सेंमीवर, आणि गोळी तिच्याही वरून निसटते.

बुडाकडं बघितलं की नेम ६ सेंमी खाली येतो. गोळी मग मध्याच्या साडेतीन-चार सेंमी वर बसते, म्हणजे डब्यातच.

याच आकड्यांवरून लवकर आणि उशिरा यांतला फरकही दिसतो. एक दशांश सेकंद लवकर सोडलं तर डबा जवळजवळ माथ्यावरच असतो आणि गोळी त्याच्या बुडाला घासून का होईना लागते. तेवढंच उशिरा सोडलं तर डबा माथ्याच्या २८ सेंमी खाली गेलेला असतो आणि गोळी वरच्या कडेच्याही पंधरा-सोळा सेंमी वरून जाते. लवकर झालेली चूक खपते, उशिराची खपत नाही. अण्णा "थांबल्यावर" न म्हणता "थांबायच्या आधी" म्हणतात ते यासाठी.

बाळीवेस_जुना
ताई, एवढा हिशेब करून कुणी बेचकी मारत नाही. पोराला रोज शंभर गोळ्या मारू द्या, हात आपोआप बसतो. अण्णांनी कुठं गणित केलं होतं?

सीनाकाठ
मारताना हिशेब करायचा नाही हे मान्य. पण चुकल्यावर तो लागतो. गोळी वरून गेली तर शिकणारा पोरगा नेम खाली आणतो. पुढच्या वेळी सोडणं चुकून वेळेत आलं की गोळी खालून जाते, मग तो पुन्हा नेम वर नेतो. नेम आणि वेळ दोन्ही एकदम हलवले की शंभर गोळ्यांतून हात काहीच शिकत नाही. एका बैठकीत एकच गोष्ट बदला. फेकलेल्या डब्यावर पहिले काही दिवस नेम बुडाशी पक्का ठेवा आणि फक्त सोडण्याची वेळ पुढंमागं करून बघा.

शंभर गोळ्याही एका बैठकीला जास्तच. चाळीस-पन्नासनंतर चिमटीची बोटं थकतात, सोडताना कातडं एका बोटावरून ओढलं जातं आणि गोळी आडवी पळते. हात थकल्यावर जे मुरतं ते चुकीचं मुरतं.

लूमवाला
डबा फेकणाऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही. निम्मं काम त्याचं आहे. दर फेक वेगळ्या उंचीची असेल तर माथा कुठं येणार हे मारणाऱ्याला कळणार कसं? फेकणाऱ्यानं आधी एकट्यानं सराव करावा. विजेचा नसलेला एखादा खांब किंवा बांबू शोधा, हाताच्या वर ३ मीटरवर फडकं बांधा आणि डबा त्याच उंचीला थांबेल असा फेकत राहा. ३ मीटर चढायला डब्याला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात ओढून, टेकवून तयार व्हायला जमतं. त्याहून कमी उंचीची फेक नवख्याला घाई करायला लावते.

फेकणारा मारणाऱ्याच्या मागं, ओढणाऱ्या हाताच्या बाजूला, दीड मीटरवर उभा राहावा आणि डबा सरळ पुढं टाकावा. डबा असा लांब जात असला की आडवा सरकत नाही, म्हणून डावी-उजवी आघाडी (लक्ष्याच्या पुढं धरलेला नेम) धरावी लागत नाही. बाजूला उभं राहून डबा आडवा फेकणारे बरेच जण दिसतात. ते खूप पुढचं शिक्षण आहे.

डब्यात मूठभर माती भरून झाकण चिकटपट्टीनं बंद करा. रिकामा डबा गिरक्या घेतो, वाऱ्यानं वाहतो आणि त्याचं बूड कुठंय ते दिसतच नाही.

हिप्परगा
हे सगळं कुठं चाललंय ते आधी सांगा. गच्चीवर असेल तर थांबवा. वर मारलेला ८ मिमीचा छरा चुकला तर शंभर मीटरच्या पुढं सहज जातो आणि सोलापूरच्या तुळजापूर वेशीत शंभर मीटरवर कुणाचंतरी अंगण असतंच. फेकलेल्या डब्यासाठी मागं उंच मातीचा बांध किंवा बंद पडलेल्या खाणीचा मातीचा कडा लागतो, आणि पलीकडं माणूस-जनावर नाही हे चालत जाऊन बघावं लागतं. उघड्या खडकावर मारू नका, छरा उलटतो. मारणारा, फेकणारा आणि बघणारे, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल हवा. कारखान्यात वापरतात तो बाजूनं बंद असलेला पारदर्शक गॉगल घ्या. उन्हाचा साधा चष्मा फुटून काच डोळ्यात जाते.

दुसरं म्हणजे पक्षी. हलतं लक्ष्य म्हटलं की पोरांचं डोकं पाखरांकडं जातं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये पक्ष्याला जखमी करणं हीसुद्धा शिकारच धरलेली आहे. हिप्परग्याच्या तलावावर, संभाजी तलावाच्या काठाला, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला बेचकी खिशातूनसुद्धा काढायची नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या गर्दीत तर नाहीच नाही.

मालदांडी
हिप्परगा यांच्याशी पूर्ण सहमत. वरच्या लक्ष्यासाठी छरे सोडून मातीच्या गोळ्या वापरा. आपटल्या की फुटतात, उलटत नाहीत, रानात पडून राहिल्या तरी पावसात विरघळतात.

फक्त शेतातली काळी माती घेऊ नका. ती ओली फुगते आणि वाळताना आक्रसते, गोळी तडकते. कुंभाराकडची माती आणा, चाळून घ्या, कणकेपेक्षा थोडी घट्ट मळा. ओल्या गोळीचा व्यास १३ मिमी ठेवा, म्हणजे वाळल्यावर १२ च्या आसपास भरते. सारख्या मापासाठी मातीची लांब वळी करून पट्टीवर सारखे तुकडे पाडायचे आणि मग तळहातात वळायचे. सावलीत चार दिवस वाळवा. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ठेवल्या तर बाहेरून कडक, आतून ओल्या राहतात आणि चिरतात. भाजायच्या नाहीत, भाजलेली गोळी दगडच झाली.

अशी गोळी दीड-पावणेदोन ग्रॅम भरते, ८ मिमीचा छरा २ ग्रॅम. ७ मीटरवर फारसा फरक पडत नाही, १५ वर मात्र मोठी हलकी गोळी हवेत लवकर मंदावते.

आणि गोफण यात आणू नका, कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो. ज्वारी राखताना माळ्यावरून मारलेली गोफण आवाजानं आणि दहशतीनं पाखरं उठवते, डबा टिपायचं काम तिचं नाही.

तुळजापूर_वेस
सगळ्यांचे आभार. मारायची जागा मळ्यातल्या बांधापुढं आहे, दोन्ही बाजूंना आमचंच पडीक रान. लॅटेक्सची पट्टी बांधली. ताईंच्या पद्धतीनं मोजलं तर ४९ आला. आता झुलत्या बाटलीचं सांगा. अण्णा म्हणतात कंबर फिरव, पण फिरवूनसुद्धा मागून जाते.

लूमवाला
मांडणी आधी नीट करा. एकाच दोरीला टांगलेली बाटली गोल गोल फिरते. बाटलीच्या गळ्याला दोन दोऱ्या बांधा आणि वर एकमेकींपासून ६० सेंमीवर, मारणाऱ्याकडून बांधाकडं जाणाऱ्या रेषेत, बांधा. मग ती फक्त आडवी झुलते. अर्धी पाण्यानं भरा, वारा हलवत नाही. दोऱ्या बांधलेल्या वरच्या आडव्या दांड्यापासून बाटलीपर्यंत उभं अंतर दीड मीटर ठेवा, झोका मध्यापासून दोन्हीकडं ५० सेंमी. एक पूर्ण झोका अडीच सेकंदांना थोडा कमी येतो.

मागं सोलापुरी चादर लावा. जुनी, दुहेरी घडी करून, बांधाच्या एक-दीड फूट पुढं, खालून मोकळी. ताणून बांधली तर गोळी परत फेकते. सैल असली की गोळी चादरीत मरते आणि खालच्या घमेल्यात पडते. चादर आठवड्याला हातभर सरकवत राहा, एकाच जागी विरते. जोडीला सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन टांगले की बाटलीऐवजी स्वस्तातलं लक्ष्य झालं. यंत्रमाग असलेल्या कुणाकडंही ढिगानं मिळतील.

गणिताची_ताई
या मांडणीत मध्यावर बाटलीचा वेग सेकंदाला १.२८ मीटर असतो. ७ मीटरवर गोळी पोचेपर्यंत ती १८ सेंमी सरकते. बाटली ७ सेंमी रुंद धरली तर आघाडी अडीच बाटल्यांची. हे झालं बेचकी बाटलीबरोबर सरकत राहिली तर. सोडायच्या क्षणी हात थांबला, तर मेंदूचे ०.२ सेकंदही भरावे लागतात, म्हणजे आणखी २६ सेंमी. एकूण ४४. तुमची गोळी एका हातापेक्षा थोडी कमी मागं जात असेल तर हात थांबतोय असं समजा. वीतभर मागं जात असेल तर हात चालतोय, आघाडी कमी आहे.

तुळजापूर_वेस
जवळपास हातभरच मागं जाते.

सीनाकाठ
मग हात थांबतोय, आणि कंबरेचं वाक्य नेमकं इथं लागू होतं. बेचकी, चिमूट आणि डोळा यांचा त्रिकोण जसाच्या तसा राहिला पाहिजे. हातानं बेचकी सरकवली की चिमूट गालावरून हलते, एका बाजूचं रबर जास्त ताणलं जातं आणि ते जाणवून हात थांबतो. कंबरेतून फिरलं की वरचं अख्खं धड एकसंध फिरतं. पाय कसे ठेवता ते बघा. जिथं गोळी सोडायची तिकडं तोंड करून आरामात उभं राहायचं आणि मग कंबर पिळून बाटलीच्या सुरुवातीकडं वळायचं. बाटलीबरोबर येताना पिळ सुटत जातो, हालचाल मोकळी राहते. सुरुवातीकडं तोंड करून उभं राहिलात तर सोडायच्या वेळी पिळ वाढत असतो आणि अंग अडकतं. चिमूट उघडल्यावरही एक वीत पुढपर्यंत फिरत राहा.

पण हे दुसऱ्या टप्प्याचं. आधी टोकावर मारायला शिका. बाटली झोक्याच्या शेवटच्या ५ सेंमीमध्ये जाऊन-येऊन एक तृतीयांश सेकंद रेंगाळते. बेचकी त्या टोकावर रोखून स्थिर ठेवायची आणि बाटली टोकापासून वीतभर अलीकडं आली की सोडायची. मेंदूचा आणि गोळीचा वेळ मिळून ती बरोबर टोकावर सापडते. फेकलेल्या डब्याचीही हीच जात आहे, म्हणून टोकावरची बाटली जमली की डबा लवकर जमतो. दहापैकी सात लागेपर्यंत झोक्याच्या मध्यातून जाणाऱ्या बाटलीच्या मागं लागू नका.

बाळीवेस_जुना
टोकावर आधी, हे पटलं. माझ्याकडून एवढंच: अण्णा मारताना पोरगं डब्याकडं बघत बसतं. डब्याकडं बघून काय कळणार? त्यांच्या चिमटीकडं बघ.

सीनाकाठ
अगदी खरं. अण्णांच्या उजव्या खांद्याच्या मागं उभं राहा, त्यांची हरकत नसेल तर फोनवर स्लो मोशन घ्या. सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन असेल तर ०.२ सेकंदाची ४८ चित्रं मिळतात. चिमूट उघडते तेव्हा डबा माथ्याच्या किती खाली आहे ते चित्रं मोजून काढा. एक चित्रीकरण बाजूनं, छातीच्या उंचीवर घ्या आणि दोन जागा तपासा. चिमूट सुटताना मागच्या मागं सरकते की पुढं ओढली जाते? पुढं ओढली जात असेल तर वेग दर वेळी वेगळा पडतो. अण्णांची मागं सरकत असणार. दुसरं, बेचकीचा हात सुटल्यावर किंचित पुढं झुकतो का. तो झुकला की रबर आणि कातडं बेचक्याच्या वरून निघून जातात. मनगट ताठ आणि मागं कललेलं असेल तर रबर बोटांवर बसतं.

आणखी दोन दोष ओळखून ठेवा. गोळी बेचक्याला लागत असेल तर आधी पट्ट्यांची लांबी मोजा, मग कातडं चिमटीत तिरकं धरलंय का बघा. गोळी उलट अंगावर येत असेल तर कातडं तिला चिकटून राहतंय. चपलेचं जाड कातडं असेल तर काढून टाका. शेळीचं मऊ कातडं, ५ सेंमी लांब आणि दीड सेंमी रुंद, पुरतं. गोळी बरोबर मध्यावर बसावी म्हणून मधोमध २ मिमीचं भोक पाडा. हा दोष दिसला की त्या दिवशी पुढं मारायचं नाही, आधी कातडं बदलायचं.

तुळजापूर_वेस
अण्णांचं चित्रीकरण घेतलं. डबा माथ्याच्या बोटभर खाली असताना चिमूट उघडते, तिन्ही वेळा. चिमूट मागं जाते. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "हेच तर सांगतोय." एक शेवटचं: रबर किती दिवस टिकेल? मळ्यातल्या खोलीत पत्र्याखाली ठेवतोय.

सीनाकाठ
पत्र्याखालून आजच काढा. लॅटेक्सला ऊन आणि उकाडा दोन्ही खातात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पंधरा दिवसांत चिकट होऊन कडेला बारीक चिरा पडतात. माठाजवळ, अंधारात, डब्यात टाल्कम पावडर शिंपडून ठेवा, तेल कधीच लावू नका. मारायला बसण्याआधी पट्टी हलकेच ताणून कातड्याजवळचे दोन सेंमी उजेडात बघा, फाटायला सुरुवात तिथंच होते. पांढरट रेघ दिसली की ती एक बाजू बदलून भागत नाही, दोन्ही पट्ट्या एकदम बदला. उरलेल्या पट्ट्यातून आत्ताच तीन जोड्या कापून, लांबी जुळवून ठेवा.